शृंगाराचे वय आणि विनोदाची नजर

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आहे. शृंगाराची नक्कल झाली की तिचे हास्य होते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने या विधानाचा विस्तार करताना औचित्याचा मुद्दा मांडला. ज्याला जो शृंगार शोभत नाही त्याने तो केला, तर प्रेक्षकाला रसाऐवजी रसाचा आभास जाणवतो आणि त्या आभासातून हसू फुटते, असे त्याचे प्रतिपादन असून सीतेविषयी रावणाला वाटणारी अभिलाषा हे त्याने दिलेले उदाहरण आहे. या मांडणीतून आजच्या अभ्यासकाच्या हाती एक उपयुक्त निकष येतो, तो असा की, एखाद्या समाजात हशा कोणाच्या शृंगारावर पिकतो हे नीट पाहिले, तर त्या समाजाने कोणाचा शृंगार अनुचित ठरवला आहे हे उघड होते. हा निकष गेल्या चार दशकांतील हिंदी आणि मराठी विनोदी मालिकांना लावला, तर चाळिशीच्या आसपासची किंवा ती ओलांडलेली स्त्री तेथे भरपूर दिसते, किंबहुना तिच्यावाचून विनोदी मालिकेचे घर उभेच राहत नाही. पण आपण सुंदर दिसावे, कोणीतरी आपल्याकडे पाहावे, अशी इच्छा तिने बोलून दाखवली रे दाखवली, की हशा तिच्या अंगावर येतो.

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजे ज्याला सर्रास सिटकॉम म्हणतात तो प्रकार, एका ठरावीक साच्यावर चालतो. तेच घर, तीच माणसे, दर भागात नवा घोटाळा आणि भाग संपेपर्यंत सगळे पूर्ववत, अशी त्याची रचना असते. कौटुंबिक मालिकांमध्ये ‘लीप’ घेतला जातो, म्हणजे कथानक एका उडीत पंधरा-वीस वर्षे पुढे नेऊन कालच्या नायिकेच्या केसांत पांढरी बट रंगवली जाते; सिटकॉममध्ये तसे सहसा होत नाही आणि पात्रे वर्षानुवर्षे एकाच वयात थांबतात. त्यामुळे या प्रकारात पात्राचे वय जन्मतारखेवरून कळत नाही, ते नेमून दिलेल्या नात्यावरून कळते. स्त्री पडद्यावर बायको म्हणून आली तर ती तरुण, आणि सासू, आत्या, मावशी किंवा शेजारची काकू म्हणून आली तर तिचे वय झालेले. मग ती भूमिका करणारी अभिनेत्री तिशीतली असली तरी त्याने फरक पडत नाही. आकर्षकतेचा प्रश्न या हिशेबात कसा गुंतलेला आहे, हे रीमा लागू यांच्या दोन भूमिकांवरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

रीमा लागू यांचा जन्म 1958 सालचा. मराठी रंगभूमीवर जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ मध्ये आणि ‘सविता दामोदर परांजपे’ मध्ये त्यांनी गाजवलेल्या भूमिका पूर्ण ताकदीच्या, गुंतागुंतीच्या स्त्रीच्या होत्या. हिंदी चित्रपटाने मात्र त्यांना 1989 मध्ये ‘मैंने प्यार किया’ तून आई केले, तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा मुलगा सलमान खान त्यांच्यापेक्षा अवघ्या सात वर्षांनी लहान होता. पुढे 1999 च्या ‘वास्तव’ मध्ये तर ज्याची आई म्हणून त्या उभ्या राहिल्या त्या संजय दत्तचा जन्म त्यांच्यानंतर एकाच वर्षाने झालेला होता. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, 1990 च्या दशकाच्या मध्यावर, दूरदर्शनवर त्यांच्या दोन विनोदी मालिका साधारण एकाच सुमारास सुरू होत्या. ‘श्रीमान श्रीमती’ मध्ये त्या कोकिला कुलकर्णी होत्या. शेजारच्या घरातला दिलरुबा, म्हणजे राकेश बेदी, या साध्या घरगुती कोकिलेवर लट्टू असतो आणि तिचा नवरा केशव, म्हणजे जतीन कनाकिया, दिलरुबाच्या सिनेनटी बायकोवर, अर्चना पूरणसिंग यांनी रंगवलेल्या प्रेमा शालिनीवर, जीव टाकत असतो. या मालिकेत कोकिलेच्या आकर्षकतेविषयी कोणालाच शंका नसते. साधी साडी नेसलेल्या, घरकामात असलेल्या तिच्याकडे शेजाऱ्याचे मन ओढ घेते हे गृहीत धरलेले असते, आणि हसू येते ते त्या दोन नवऱ्यांच्या धडपडीचे, फजितीचे.

‘तू तू मैं मैं’ मध्ये त्याच रीमा लागू देवकी झाल्या, सुप्रिया पिळगावकर यांनी केलेल्या राधेची सासू झाल्या. दोघी अभिनेत्रींच्या वयात नऊ वर्षांचे अंतर, म्हणजे थोरली आणि धाकटी जाऊ यांच्यात असावे तितके. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत देवकीला कुलदीप पवारांसारखा देखणा नवरा होता, अभिनयात रीमा लागू यांचा टायमिंगवरचा ताबा विलक्षण होता आणि टोमणे-प्रतिटोमण्यांचा सामना त्या सुनेच्या बरोबरीने खेळत होत्या. पण कोकिलेकडे जसे पाहिले जात होते तसे देवकीकडे पाहणारे त्या घरात कोणी नव्हते. चेहरा तोच, वय तेच, नेसणेही फारसे निराळे नाही. बदलले ते इतकेच की, चौकटीत सून आली. सून येताच सासूच्या वाट्याचा शृंगार संपतो, हा अलिखित नियम त्या काळच्या प्रेक्षकाच्या इतका अंगवळणी पडलेला होता की, एकाच अभिनेत्रीला एका मालिकेत हवीहवीशी आणि दुसऱ्या मालिकेत त्या प्रश्नापलीकडची झालेली पाहताना त्याला काही विसंगती जाणवली नसावी. रीमा लागू यांनी दोन्ही भूमिका सारख्याच आत्मविश्वासाने पेलल्या, हे त्यांच्या गुणवत्तेचे श्रेय आहे. ज्या व्यवस्थेने 36 व्या वर्षी त्यांना सासूपदी बसवले तिचे त्यात काही श्रेय नाही.

पुरुष नटालाही वय चढवले जाते, हे येथे नोंदवले पाहिजे. 2008 पासून चालू असलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ मध्ये जेठालालचे वडील चंपकलाल झालेले अमित भट हे जेठालाल करणाऱ्या दिलीप जोशींपेक्षा वयाने लहान आहेत. परंतु त्याच मालिकेत दुसरीकडे पाहिले तर तराजू कोठे झुकतो ते कळते. मालिका सुरू झाली तेव्हा दिलीप जोशी चाळिशीत पोहोचले होते. त्यांचा जेठालाल विवाहित, एका मुलाचा बाप, पोट सुटलेला दुकानदार, आणि तो सोसायटीतल्या बबिताला पाहून वर्षानुवर्षे विरघळत आला आहे. त्याची ही विरघळ प्रेक्षकांना लोभस वाटते, तिच्यावर शेकडो भाग उभे राहिले आहेत आणि तिच्यामुळे त्याच्या सज्जनपणाला कधी बाध आलेला नाही. याच गोकुळधाम सोसायटीत लोणची-पापडांचा व्यवसाय सांभाळणारी, कष्टाळू, नीटनेटकी माधवी भिडे राहते. तिने एखाद्या शेजाऱ्याकडे तसे पाहिले असते तर मालिका एक आठवडाही पुढे सरकली नसती. पुरुषाच्या शृंगाराला विनोदात क्षमा आहे आणि स्त्रीच्या शृंगाराला शिक्षा, इतका हा फरक उघड आहे.

ही शिक्षा कशी दिली जाते, हे 1995 मध्ये झी वाहिनीवर आलेल्या ‘हम पाँच’ च्या घरात शिरून पाहण्याजोगे आहे. अशोक सराफ यांनी रंगवलेला आनंद माथुर हा पाच मुलींचा बाप. त्याची दुसरी बायको बीना, म्हणजे शोमा आनंद, घर चालवते, आणि पहिली, दिवंगत बायको भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्याशी बोलते. तसबिरीतली ही बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर, ‘रजनी’ या 1985 च्या मालिकेतून घराघरांत पोहोचलेल्या, तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या. बायको नटूनथटून चौकटीत बसलेली आहे, तिचे केस विस्कटत नाहीत, तिला स्वयंपाक करावा लागत नाही, ती आजारी पडत नाही आणि तिचे वयही वाढत नाही. नवरा थकूनभागून आला की तो जिवंत बायकोकडे न जाता तिच्यापुढे मन मोकळे करतो आणि ती त्याला मिश्किल सल्ले देते. कल्पना म्हणून ही तसबीर कमालीची चतुर आहे, आणि प्रिया तेंडुलकरांनी केवळ चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या बळावर तिच्यात प्राण ओतले. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. चाळिशीच्या स्त्रीला नवऱ्याची सखी, त्याच्या कौतुकाचा विषय म्हणून या घरात जागा मिळाली ती मेल्यानंतर, चौकटीत बंद होऊन. आणि जी दिवसभर राबते त्या बीनाच्या वाट्याला आरडाओरडा आला.

याच मालिकेत शेजारची पूजा येते. ती नटते, मुरडते, आणि मुली तिला आंटी म्हणाल्या की लाडीक आवाजात तक्रार करते, ‘आंटी मत कहो ना.’ हे वाक्य तिचे पालुपद होते, म्हणजे पात्र ओळखू यावे म्हणून दर भागात हमखास येणारे वाक्य, आणि पुढे ते मालिकेपेक्षा अधिक लोकप्रिय झाले. पालुपदाचे तंत्र असे की, एकदा ते रुळले की प्रेक्षक वाक्य येण्याआधीच हसायला तयार होतो, मग त्या वाक्यातले गाऱ्हाणे काय आहे याकडे लक्ष देण्याची गरज उरत नाही. पूजाचे गाऱ्हाणे तरी काय होते? मला एका नात्याच्या खणात घालून माझे वय ठरवू नका, इतकेच तिचे म्हणणे होते. त्याच घरातली स्वीटी ही मुलगी दिवसरात्र आपल्या सौंदर्यात मग्न असते. 1994 मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे किताब मिळवल्यानंतरच्या त्या वर्षांत अशी स्वप्ने घरोघर पाहिली जात होती, त्यामुळे स्वीटीचे वेड अल्लड म्हणून खपून गेले. पूजाने तेच केले तेव्हा ते हास्यास्पद ठरले. दोघींच्या वागण्यात फरक नव्हता, फरक फक्त त्यांना मिळालेल्या हाकेत होता.

या हशाला एक यांत्रिक बाजूही आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने निरनिराळ्या प्रकारचे हसू साठवून हवे तेव्हा वाजवता येईल असे यंत्र तयार केले, आणि तेव्हापासून ध्वनिमुद्रित हशा हा सिटकॉमचा अविभाज्य भाग झाला. भारतीय मालिकांनीही तो उचलला. घरात एकटा बसलेला प्रेक्षक आपण सभागृहात आहोत असे समजू लागतो आणि इतरांबरोबर हसतो, हा त्याचा उघड हेतू. त्याचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे: हशा कोठे वाजवायचा हे संकलनाच्या टेबलावर ठरते, त्यामुळे एखादे वाक्य विनोद आहे की दुःख, हा निर्णय प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेला असतो. आरशासमोर उभी असलेली स्त्री आपल्या मानेवरच्या सुरकुत्यांना हात लावते आणि त्याच क्षणी मागे खसखस पिकते, तेव्हा प्रेक्षकाला तिच्याबरोबर थांबण्याची उसंत मिळत नाही.

वाढत्या वयाच्या स्त्रीची टर उडवण्याची ही परंपरा दूरचित्रवाणीने निर्माण केलेली नाही, ती महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून परिचित आहे. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर मावशी असते, आणि हे काम पुरुष करतो. कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाट अडवतात तेव्हा तरुण गवळणींशी लडिवाळ भांडण होते आणि मावशीशी थट्टामस्करी. तिने पदर सावरून आपल्या रूपाची बढाई मारावी आणि पेंद्याने ती धुळीला मिळवावी, असा तो ठरलेला खेळ. नाटकाच्या रंगमंचावर आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ याच हमरस्त्याने आली. ब्रँडन टॉमसच्या 1892 मधल्या इंग्रजी प्रहसनावर आधारलेल्या या नाटकात विजय चव्हाणांनी 1980 च्या दशकात मावशी अशी काही रंगवली की प्रेक्षक पुन्हा पुन्हा जात राहिले. मूळ इंग्रजी नाटकातला एक तपशील या संदर्भात फार मोलाचा आहे. तेथे तोतया मावशी धुमाकूळ घालत असताना खरी मावशी येऊन पोहोचते. ती विधवा, प्रौढ, हजरजबाबी आणि मोहक असते, आणि शेवटी तिच्या जुन्या प्रेमिकाशी तिचे लग्न ठरते. म्हणजे नाटककाराने हशासाठी तोतया मावशी वापरली आणि शृंगार खऱ्या मावशीच्या पदरात टाकला. लोकांच्या आठवणीत मात्र तोतयाच राहिला.

दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी त्या तोतयाला कायमची नोकरी दिली. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ मध्ये अली असगर यांची दादी पाहुण्या नटांचे मुके घेण्यासाठी धावत असे आणि उपासना सिंग यांची लग्न न झालेली बुआ येणाऱ्या प्रत्येक पुरुषात नवरा शोधत असे; एक पुरुषाने केलेली म्हातारी, दुसरी खरीखुरी अभिनेत्री, पण दोघींचा विनोद एकच, की या वयात हिला पुरुष हवा आहे. मराठीत 2014 पासून ‘चला हवा येऊ द्या’ ने भाऊ कदम, सागर कारंडे, कुशल बद्रिके यांना साडी नेसवून अफाट लोकप्रियता मिळवली. या नटांचे निरीक्षण आणि शब्दफेक यांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, श्रेया बुगडे यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री त्याच मंचावर असताना प्रौढ स्त्री वारंवार पुरुषाने करावी, यामागे सोयीचा हिशेब आहे: शरीर पुरुषाचे असले की त्यावर कितीही कोट्या करता येतात आणि कोणा स्त्रीचा अपमान झाला असे म्हणता येत नाही. बालगंधर्वांनी चाळिशी ओलांडल्यावरही वर्षानुवर्षे तरुण नायिका रंगवल्या आणि महाराष्ट्राने त्यांच्या रूपावर जीव ओवाळून टाकला, ही आठवण येथे ठेवायला हवी. चाळिशीपुढच्या पुरुषाच्या अंगावरची साडी ज्या प्रेक्षकाला सौंदर्याचा कळस वाटू शकली, त्याला चाळिशीपुढच्या स्त्रीच्या अंगावर ती तशी वाटू नये, याला निसर्ग कारण नाही, शिकवण कारण आहे.

अमेरिकेतही ही शिकवण होतीच. सुसान सोंटॅग या लेखिकेने 1972 मधल्या एका निबंधात वय वाढण्याचे दुहेरी मापदंड मांडले: पुरुषाच्या सौंदर्याचे दोन नमुने समाजाला मान्य आहेत, कोवळ्या मुलाचा आणि कमावलेल्या प्रौढाचा, तर स्त्रीला एकच, मुलीचा, आणि म्हणून पुरुष एका सौंदर्यातून दुसऱ्यात जातो, स्त्री एकातून बाहेर फेकली जाते. त्याच वर्षी ‘मॉड’ ही मालिका सुरू झाली. पन्नाशीच्या बिया आर्थर तिच्यात 47 वर्षांच्या, चार लग्ने केलेल्या, फटकळ बाईची भूमिका करत होत्या आणि नोव्हेंबर 1972 मधल्या दोन भागांत ही बाई अनपेक्षितपणे गर्भार राहते आणि गर्भपाताचा निर्णय घेते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार देशभर मान्य करण्याआधीचे हे भाग सुझन हॅरिस यांनी लिहिले होते. 47 व्या वर्षी गर्भ राहतो याचा अर्थ त्या घरात नवराबायकोचा शृंगार जिवंत आहे, हे त्या कथानकाने चर्चा न करता सांगून टाकले.

हॅरिस यांनीच 1985 मध्ये ‘द गोल्डन गर्ल्स’ निर्माण केली. मायामीत एका घरात राहणाऱ्या चौघी, तिघी पन्नाशीच्या आसपासच्या आणि एकीची ऐंशीतली आई; सात वर्षांत 180 भाग झाले आणि चारही अभिनेत्रींना एमी पुरस्कार मिळाले. वय चढवण्याची रीत तेथेही चुकली नाही, कारण आई झालेल्या एस्टेल गेटी या मुलगी झालेल्या बिया आर्थर यांच्यापेक्षा एका वर्षाने लहान होत्या. मालिकेचे खरे धाडस ब्लांश या पात्रात आहे. रू मॅक्लानाहन यांनी केलेली ही अमेरिकेच्या दक्षिणेतली विधवा पुरुषांवर फिदा असते आणि ते लपवत नाही. तिच्यावर मैत्रिणी सडकून कोट्या करतात, प्रेक्षक पोट धरून हसतो, पण तिला एकापाठोपाठ एक पुरुष भेटत राहतात, आणि हाच फरक निर्णायक आहे. पूजाचे नटणे कोणाला मोहवत नाही म्हणून हसू येते. ब्लांशचे नटणे खरोखर कामी येते आणि तरीही हसू येते. एका भागात ब्लांशला आपण गर्भार आहोत अशी शंका येते, डॉक्टरकडे गेल्यावर कळते की ही रजोनिवृत्ती आहे, आणि ती खोलीत अंथरुणाला खिळते, कारण आपले स्त्रीपण संपले असे तिला वाटते. मालिकेने हे दुःख पूर्ण मांडू दिले, मैत्रिणींना त्याबद्दल आपापले अनुभव बोलू दिले, आणि मग पुन्हा हसवले. विनोद आणि सन्मान एकत्र नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने हा भाग पाहावा.

भारतीय दूरचित्रवाणीने या उंचीच्या जवळ जाणारी दोन पात्रे दिली आणि ती दोन सख्ख्या बहिणींनी रंगवली. दीना पाठक यांच्या या मुलींपैकी सुप्रिया पाठक 2002 मध्ये ‘खिचडी’ त हंसा झाल्या तेव्हा 41 वर्षांच्या होत्या. रत्ना पाठक शाह 2004 मध्ये ‘साराभाई वर्सेस साराभाई’ त माया झाल्या तेव्हा 47 वर्षांच्या. दोन्ही मालिकांचे लेखन आतिश कापडिया यांचे. हंसा बिनडोक आहे, आळशी आहे, पण तिचा नवरा प्रफुल्ल तिच्यावर पहिल्या दिवसाइतका भाळलेला आहे, आणि ती इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारते तेव्हा तो जे अफलातून अर्थ सांगतो त्यावर तिचा तितकाच विश्वास आहे. बायकोच्या रूपावर, वजनावर किंवा वयावर नवऱ्याने टोमणा मारायचा हा विनोदी कार्यक्रमांचा हुकमी मसाला आहे. प्रफुल्लला त्याची गरज पडली नाही. चाळिशीच्या जोडप्याचे परस्परांवरचे निरागस लट्टू असणे एवढ्यावर अस्सल विनोद उभा राहतो, हे हंसा-प्रफुल्लने सिद्ध केले.

मायेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. कफ परेडच्या घरातली ही सासू, तिच्या सुबक साड्या, मोती, मोजकी हालचाल आणि धारदार शांत आवाज यांसह चौकटीत येते तेव्हा तिच्या देखणेपणाविषयी कोणी वाक्य बोलत नाही, आणि त्याचे कारणही नाही, कारण काय देखणे आणि काय नाही हे त्या घरात तीच ठरवते. सुनेचे मनीषा हे नाव तिला मध्यमवर्गीय वाटले म्हणून तिने ते मोनिषा केले, इतका तिचा अधिकार. विनोद तिच्यावरही होतो. नवरा इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह, तिची यथेच्छ टर उडवतो. पण त्याच्या प्रत्येक कुरापतीत तिच्यावरची ओढ दिसते आणि तिच्याकडे नेहमी परतफेडीचे वाक्य तयार असते. आकर्षकतेचे रहस्य येथे आहे. ज्या पात्राला लेखक विनोदाचे वाक्य देतो ते पात्र प्रेक्षकाच्या डोळ्यांत मोठे होते. ज्या पात्रावर वाक्य फेकले जाते ते लहान होते. पूजाकडे एकच वाक्य होते, मायेकडे शेकडो होती.

मायेची ही मोहकता तिच्या वर्गाने विकत घेतलेली आहे, हा आक्षेप रास्त आहे. दक्षिण मुंबईचे घर, नोकरचाकर, निवांत वेळ आणि इंग्रजी उच्चार यांच्याशिवाय माया उभी राहत नाही, आणि तिचे रूप उठून दिसावे म्हणून मोनिषाची काटकसर, तिच्या सवलतीतल्या खरेद्या सतत शेजारी ठेवल्या जातात. वय झालेल्या स्त्रीला आकर्षक राहण्याची परवानगी मिळाली ती श्रीमंत असल्यामुळे मिळाली. म्हणून मराठीतल्या ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ या मालिकेचे मोल अधिक वाटते. निर्मिती सावंत यांनी पंढरीनाथ कांबळे यांच्या साथीने गाजवलेली ही गंगूबाई ना श्रीमंत, ना शिकलेली, ना सडपातळ. शीर्षकातले कुमारीपण हाच तिच्यावरचा पहिला विनोद. तरीही ती ज्या रुबाबात समोरच्याला गार करते त्यात आपण कोणापेक्षा कमी आहोत असा भाव औषधालाही नाही. तिच्या वाट्याला प्रेमकथा फारशी आली नाही, हे उणेपण लेखनाचे. अभिनेत्रीने पात्राला जो तोरा दिला तो प्रेमकथा पेलण्याइतका भक्कम होता.

लेखक किंवा निर्माती स्त्री असली की प्रश्न सुटेल, असे सरळ समीकरण या इतिहासातून निघत नाही. ‘हम पाँच’ ची निर्माती विशीतली एकता कपूर होती आणि हंसा-माया पुरुषाच्या लेखणीतून आल्या. वयावरच्या विनोदाचे कारण अधिक व्यवहारी आहे. प्रहसनांच्या साप्ताहिक कार्यक्रमाला दर आठवड्याला आठ-दहा मिनिटांची अनेक प्रहसने लागतात. एवढ्या वेळात पात्र रुजवायचे कसे, हा लेखकापुढचा खरा पेच असतो, आणि शरीर व वय यांवरची कोटी तयारीशिवाय चालते, कारण तिची तयारी समाजाने आधीच करून ठेवलेली असते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मध्ये विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांच्यासारख्या अभिनेत्रींनी गाजवलेली प्रहसने पाहताना हे प्रकर्षाने जाणवते की, जेथे त्यांना पात्र मिळाले तेथे देहावरची कोटी लागलीच नाही.

गंभीर मालिकांनी दरम्यान बरेच अंतर कापले. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ त निवेदिता सराफ यांच्या आसावरीचे सुनेने पुढाकार घेऊन लग्न लावून दिले; त्याच वर्षअखेरीस सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’ मध्ये मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती नवऱ्याला सोडून पुन्हा प्रेमात पडली, आणि एकाच बंगाली मालिकेवरून निघालेल्या हिंदी ‘अनुपमा’ त, जी कधीकाळी मोनिषा होती त्या रूपाली गांगुलींनी तोच प्रवास केला. मात्र या नायिकांना प्रेमाचा अधिकार मिळाला तो आधी शेकडो भाग अपमान सोसल्यावर, जणू दुःख भोगून तो कमवावा लागतो. ज्या नाट्यप्रकाराचा शेवट परंपरेने लग्नाने गोड होतो, त्या सुखात्मिकेने मात्र हे लग्न प्रौढ स्त्रीला नाकारत राहावे, ही उफराटी स्थिती आहे.

2017 मध्ये रत्ना पाठक शाह साठीच्या होत्या. त्या वर्षी हॉटस्टारवर माया परतली, आणि त्याच वर्षी अलंकृता श्रीवास्तव यांचा ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ हा चित्रपट प्रमाणपत्र मंडळाशी झगडून प्रदर्शित झाला. त्यात त्या भोपाळच्या जुन्या वाड्यातल्या बुआजी आहेत, पंचावन्न वर्षांच्या विधवा, धार्मिक पुस्तकात दडवून प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या आणि पोहायला शिकवणाऱ्या तरुणावर मन जडलेल्या. त्यांचे गुपित फुटते तेव्हा सगळी वस्ती त्यांना नावे ठेवते, हसते, त्यांचे सामान बाहेर फेकते. विनोदी कार्यक्रमातली बुआ ज्या हशाची धनीण आहे तोच हा हशा. फक्त कॅमेरा या वेळी हसणाऱ्यांच्या बाजूला न राहता जिच्यावर हसले जाते तिच्या बाजूला आहे आणि मागून यंत्रातली खसखस वाजत नाही.

मराठी सुखात्मिकेला या बाजूला येण्यासाठी साहित्याची वाण नाही. केवळ महिलांसाठी काढलेल्या सहलींना एकट्याने नाव नोंदवणाऱ्या विधवा, मुले परदेशी गेल्यावर भरतनाट्यमच्या वर्गात दाखल झालेल्या गृहिणी, घटस्फोटानंतर मुलीच्या आग्रहावरून विवाहमंडळात फोटो देणाऱ्या बँक कर्मचारी आणि त्या फोटोसाठी कोणती साडी नेसावी यावर डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये होणारी साग्रसंगीत चर्चा, हे सगळे आज घडत आहे, आणि त्यात विनोद ओतप्रोत आहे. लोकलच्या त्या डब्यात एकमेकींची सर्वांत जास्त थट्टा त्याच करतात, आणि साडी ठरली की तिच्यावरचा ब्लाउज कोणाकडून शिवून घ्यायचा हेही त्याच ठरवतात.